अक्षता आणि सुखोई

पारनेरच्या एसटी स्टँडच्या पिछाडीला कल्याण ठुब्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर लेकीचं नाव, 'संस्कृती फोटो'. आत शिरलं की उजव्या भिंतीवर नवरा-नवरी, बारशातली बाळं, नारळ फोडणारे सरपंच. आणि डाव्या भिंतीवर विमानं. प्रवासी नव्हेत हो, लढाऊ! सुखोई, जग्वार, वळताना पंखाच्या टोकाला वाफेची रेघ सुटलेली. पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक आधी डावीकडं बघायचं, मग कल्याणकडं बघायचं आणि विचारायचं, "हे काय मध्येच?" एवढं विचारायचा अवकाश, की ते गिऱ्हाईक गेलंच कामातून. सुखोईला शेपट्या दोन का असतात आणि जग्वार नाकावरून कसं ओळखायचं, हे अर्धा तास ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसायची. पासपोर्ट फोटो मग बहुधा दुसऱ्या दिवशी मिळायचा.

माणसाला एखादं वेड असावं, त्यात वाईट काही नाही. कुणी बैल पळवतं, कुणी भजनाला बसतं, कुणी दर पाच वर्षांनी निवडणुकीला पडतं. कल्याण विमानं टिपायचा. नगरजवळ लष्कराची सरावाची रेंज आहे, तिकडं निघालेली विमानं पठारावरून जातात. सरावाच्या तारखा ठरल्या की शेजारच्या गावांना नोटीस येते, अमुक दिवशी गुरं घेऊन हद्दीत जाऊ नका म्हणून. गुराख्यांसाठी काढलेली ती नोटीस पंचक्रोशीत सगळ्यात मन लावून कोण वाचत असेल तर कल्याण, आणि त्याच्या दावणीला साधी शेळी नव्हती. चार ग्रामपंचायतींचे शिपाई त्याला नोटिशीचा फोटो मोबाईलवर धाडायचे. मग हा हद्दीबाहेरची एखादी टेकडी गाठायचा, हातभर लांब लेन्स लावायचा आणि टोपी ओढून उन्हात बसायचा. दिवसभर बसून विमान दिसायचं ते नाक शिंकरायला जेवढा वेळ लागतो तेवढं. त्यातही निम्मे फोटो हललेले निघायचे.

"लोकांचे नवरे बाटलीच्या मागं लागत्यात," त्याची बायको रोहिणी शेजारणींना सांगायची, "आमचे आभाळाच्या मागं लागलेत. आता तक्रार करावी तरी कुनाकडं? इंद्राकडं?"

पुण्या-नाशकाकडच्या असल्याच वेड्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. तिथं सगळे एकमेकांना 'सर' म्हणायचे. कल्याणचे फोटो त्यांना आवडत, पण एक फोटो त्याच्याकडं नव्हता, आणि तो नसल्याची बोच त्याला बारा वर्षं होती. शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवायला विमान पोटाखालून जळते गोळे सोडतं, त्यांना फ्लेअर म्हणतात. खालून वर येणारं सुखोई आणि मागं त्या फ्लेअरची माळ, हा तो फोटो. ग्रुपवर दुसऱ्या कुणी तो टाकला की हा 'अप्रतिम सर' असं लिहायचा आणि त्या दिवशी घरात भाजीला नावं ठेवायचा.

धंद्यात मात्र माणूस चोख, हे म्हणायलाच हवं. लग्नाचा फोटोग्राफर म्हणून त्याचं नाव शेजारच्या तालुक्यांतही होतं. "अठरा वर्षांत माझी अक्षता चुकली नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. ते खरंही होतं. अक्षता पडतानाचा फोटो पुन्हा घेता येत नाही. हार पुन्हा घालता येतात, सप्तपदीचं एक पाऊल मागं घेऊन पुन्हा टाकता येतं, घास तर पाच वेळा भरवतात. अक्षता एकदाच पडतात.

कानिफनाथ दुकानात आला तो ह्याच नावावर विसंबून.

कानिफनाथ मूळचा पाथर्डीकडचा. उमेदीची पंधरा-सोळा वर्षं ऊसतोडीत गेली. दसरा झाला की कोयता, बायको आणि बोचकं घेऊन निघायचं, आज ह्या कारखान्यावर, उद्या त्या. त्याची बायको मालनबाई आईबापाला एकुलती एक. सासरा गेल्यावर तिच्या माहेरची रेंजच्या शेजारची जमीन कसायला तो घरजावई होऊन आला आणि कोयता कायमचा आढ्याला खोचला. लोक त्याला कानिफआण्णा म्हणायचे. वय फार नव्हतं, पण घशाच्या आजारानं माणूस चिपाडासारखा झाला होता. नगरच्या डॉक्टरांनी पुढची तारीख देणं बंद केलं होतं, आणि त्याचा अर्थ आण्णाला बरोबर कळला होता. म्हणूनच रेश्माचं, त्याच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न महिन्याभरात उरकायचं ठरलं.

"कल्याणराव," घोगऱ्या आवाजात, उपरण्यानं गळा झाकत आण्णा म्हणाला, "माझा आजवर एकच फोटो हाय. आधार कार्डावरचा. त्यात मी चोर दिसतोय."

कल्याण हसला. "आण्णा, आधारवर सगळेच चोर दिसतात. मीसुद्धा."

"ते आसंल. पर मला पोरीसंगं एक फोटू पायजे. अक्षता पडताना. पोरगी म्होरं, मी मागं. बाकीचे नाय आले तरी चालत्याल."

आता ही मागणी साधी नव्हती. आपल्याकडं अक्षतेच्या वेळी नवरीच्या मागं मामा उभा राहतो. बाप कुठं असतो? पंगतीच्या चुलाणापाशी, नाहीतर व्याह्यांच्या मानपानात. आणि आई तर पाठ फिरवून घरात बसलेली, लेकीचं लग्न आईनं डोळ्यांनी बघू नये म्हणून. ज्यांनी पोर वाढवली ती दोघं त्या फोटोत कधीच नसतात, आणि ह्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मालनबाईला भाऊ नव्हता.

"चुलत मामा हुबा करू म्हनत्यात भावकीतले," आण्णा म्हणाला. "म्या म्हनलं, मी हाय अजून. मीच मामा व्हतो. आयुष्यभर घरजावई म्हनून ऐकलं, आता एक दिवस मामा म्हना. लई येळ हुबं ऱ्हावत न्हाई मला, शेवटच्या मंगलाष्टकाला तेवढा हुबा ऱ्हाईन."

खोटं कशाला सांगा, त्या घटकेला कल्याण मनापासून हलला होता. तो म्हणाला, "आण्णा, तुम्ही फक्त एक करा. उभे राहिलात की माझ्या लेन्समध्ये बघा. कुणी हाक मारू दे, मांडव कोसळू दे, नजर हलवायची नाही. बाकी माझ्यावर सोडा."

"लेन्समधी बघायचं," आण्णानं शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात शिपायानं मोबाईलवर नोटीस धाडली. मोठा सराव, आणि नेमकी लग्नाची तारीख. कल्याणनं ती दोनदा वाचली. लग्नाच्या सकाळी त्यानं पिशवीत लग्नाचा कॅमेरा ठेवला, फ्लॅश ठेवला, आणि मग कपाट उघडून दुसरा कॅमेरा काढला, हातभर लेन्सवाला.

"लगीन हाय का लढाई?" रोहिणीनं विचारलं.

"असू दे जवळ. वापरायचा थोडाच आहे."

वापरायचा नव्हता तर नेला कशाला, हे त्याला त्या वेळी कुणी विचारलं नाही. पुढं मात्र त्यानं स्वतःला हजारदा विचारलं.

लग्न दारातच होतं, कारण आण्णाला कार्यालयापर्यंत नेणं होणार नव्हतं. पठारावरच्या वाऱ्यानं मांडवाचं कापड सकाळीच फडाफडा उडालं, म्हणून ते सोडून ठेवलं होतं. डोक्यावर मोकळं आभाळ. मुहूर्त साडेचारचा. पण आपल्या जिल्ह्यात मुहूर्त पत्रिकेत असतो आणि लग्न पुढाऱ्यांच्या भाषणांनंतर लागतं. एकानं शाल घेतली, दुसऱ्यानं नारळ घेतला, तिसऱ्यानं वधू-वरांना आशीर्वाद देता देता आपल्या गटाचं पाणी कुठवर आलं ते सांगितलं. आण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर फेटा सावरत बसला होता. कपाळावर घाम, आणि दर भाषणाला त्याचा चेहरा आणखी उतरत चाललेला. "आवरा की ओ!" कल्याण एका पुढाऱ्याच्या तोंडावर बोलला. आण्णासाठी त्याचा जीव तुटत होता, हेही खरंच आहे.

पाच वाजून गेल्यावर एकदाची मंगलाष्टकं सुरू झाली. व्हिडिओवाला रविराज नवरीच्या पाठीशी राहून नवऱ्यावर कॅमेरा धरून होता. कल्याण नवऱ्याच्या मामामागं स्टुलावर चढला, म्हणजे अंतरपाटावरून समोर रेश्मा आणि तिच्या मागं आण्णा बरोबर दिसणार. मांडणी अगदी पक्की होती. शेवटचं मंगलाष्टक आलं. भावकीतल्या दोघांनी आण्णाला काखेत धरून उभं केलं आणि ते बाजूला झाले. आण्णानं पाय रोवले, मान ताठ केली आणि सांगितल्याप्रमाणं लेन्समध्ये बघितलं.

आणि कल्याणच्या कानाला आवाज लागला.

इतरांना तो अजून ऐकू आला नव्हता. डोंगराच्या पोटातून यावी तशी घरघर, एक नव्हे, दोन विमानांची. खाली होती, फार खाली. गळ्यात दोन पट्टे होते. उजवा हात आपोआप दुसऱ्या पट्ट्याकडं गेला. आत्ता घेतो आणि परत येतो, असं काहीसं त्याच्या मनात आलं. 'शुभ मंगल सावधान' म्हणताना गुरुजींचा आवाज त्या गर्जनेत बुडाला. टेकडीवरून दोन सुखोई उसळून वर आली, एक डावीकडं कललं, आणि त्याच्या पोटाखालून फ्लेअर सुटले. एक, दोन, पाच, दहा. तिरप्या उन्हात नुसती माळ.

कल्याणनं बोट दाबून धरलं ते उचललंच नाही. लोकांनी अक्षता टाकल्या त्या आभाळाकडं बघतच. सगळ्यांचे मोबाईल वर. नवरा वर बघतोय, नवऱ्याचा मामा वर बघतोय, रविराजचं डोकं वर. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "मिल्ट्रीनं सलामी दिली रे कानिफआण्णाला!"

तो खाली बघेपर्यंत अंतरपाट निघाला होता आणि आण्णा खुर्चीत होता. मान छातीवर, फेटा डोळ्यांवर आलेला. दोघंजण त्याला उचलून घरात नेत होते. कल्याणनं तीन फोटो घेतले. तिन्हींत आण्णाची पाठ.

"एकदा पुन्हा उभं करता येईल का?" त्यानं विचारलं.

"काय माणूस हाय का कोन तुमी?" उचलणारा म्हणाला.

त्या रात्री त्यानं संगणकावर फोटो उतरवले. लग्नाच्या कॅमेऱ्यात अक्षतेआधी आण्णा खुर्चीत, अक्षतेनंतर आण्णाची पाठ. मधे काही नाही. रविराजच्या व्हिडिओत रेश्माच्या खांद्यावरून नवरा, मग थरथरून नुसतं आभाळ. आण्णा चौकटीच्या बाहेरच. आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात तो फोटो. बारा वर्षं जो हवा होता, तोच. इतका धारदार की वैमानिकाचं शिरस्त्राण दिसावं.

"कानिफभाऊंचा फोटू कसा आला?" रोहिणीनं आतून विचारलं.

"चांगला आला," कल्याण म्हणाला.

आणि निर्लज्ज माणूस म्हणावा तर म्हणा, त्यानं विमानाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बारा वर्षांची तपश्चर्या'. दोन दिवस मोबाईल वाजत राहिला. अप्रतिम सर, निःशब्द सर, दंडवत सर. नगरच्या एका पेपरानं नावासकट छापला. स्टँडवर लोकांनी हात मिळवले. प्रत्येक हात मिळवताना त्याला खुर्चीतला तो कललेला फेटा दिसायचा, आणि तरी तो हसायचा. आपल्याला हसता येतंय, ह्याचीच त्याला शिसारी यायची.

तिकडून रेश्माचा फोन यायचा. "काका, आण्णांचा तेवढा एक फोटो पाठवा ना. रोज विचारतात."

"अल्बमच्या डिझाईनला गेलाय बाळा, दोन दिवसांत देतो."

दोन दिवसांचे पंधरा झाले. शेवटी त्यानं तेच केलं जे ह्या धंद्यात सगळेच करतात. लग्नाला न आलेली आत्या अल्बममध्ये उभी करायची, मिटलेले डोळे उघडायचे, हे उद्योग रोजचेच. हळदीच्या दिवशी आण्णा हसला होता, तो चेहरा घेतला. खुर्चीत बसण्याआधीचं उभं धड घेतलं. रेश्माच्या मागं ठेवलं, वरून अक्षता सोडल्या. सावली जुळवली, ऊन जुळवलं. दोन रात्री खपला. फोटो असा झाला की रोहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्यानं तेव्हाही काही सांगितलं नाही.

फोटो घेऊन तो स्वतः गेला. आण्णा ओसरीत खाटेवर होता. मालनबाई पाणी देऊन चहा ठेवायला आत गेली. आण्णानं दोन्ही हातांनी फोटो धरला, लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ बघितलं.

"माझा हात कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"हात?"

"पोरीच्या खांद्यावर हात ठिवला हुता म्या. पडंल आसं वाटलं, म्हनून ठिवला. पोरीला ठाव हाय. ह्यात न्हाई."

कल्याणनं काहीतरी सांगायला हवं होतं, फोटो आधीच्या क्षणाचा आहे, हात झाकला गेलाय, काहीही.

"मी तुमच्याकडंच बघत हुतो, कल्याणराव," आण्णा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमीच सांगितलं हुतं ना, लेन्समधी बघा, नजर हालवू नका म्हनून. मी न्हाई हालवली. सगळी वर बघत हुती, मी तुमच्याकडं बघत हुतो. आन तुमी वर बघत हुता."

धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं सहज म्हणतात. कल्याणला त्या ओसरीत त्याचा अर्थ कळला. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलो आण्णा. जोड्यानं मारा मला."

"मारायला अंगात जोर कुठाय?" आण्णा हसला, मग खोकला, मग बराच वेळ नुसता धापत राहिला. "ते इमान दावा."

"काय?"

"इमान ओ. सगळं गाव सांगतंय, काय दिसलं काय दिसलं. मीच येकला बघायचा ऱ्हायलो."

कल्याणनं मोबाईलवर तो फोटो काढून दिला. द्यावा लागला. आण्णानं बोटानं तो मोठा केला, फ्लेअर बघितले, शिरस्त्राण बघितलं. "लई भारी आलाय," तो म्हणाला, अगदी खरं खरं, दुसऱ्याच्या शेतातलं चांगलं पीक बघून म्हणावं तसं. कल्याणला वाटलं, आता उठावं आणि पळत सुटावं.

"हात घाला त्यात," मोबाईल परत देत आण्णा म्हणाला. "हाताचा फोटू आत्ता काढा, आन त्यात घाला. पोरीला हाताबिगर द्याल तर ती वळखंल. तिला कळू द्यायचं न्हाई. तिला ह्यो खरा वाटू द्या. येवढं करा."

कॅमेरा गाडीत होता. त्यानं तो ट्रायपॉडवर लावला, टायमर लावला. आता हात ठेवायचा कशावर? मालनबाईला बोलवावं तर तिला सांगावं लागणार. शेवटी कल्याणच खाटेपुढं जमिनीवर बसला, आण्णाकडं पाठ करून, नवरीसारखा. आण्णानं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला वजन असं नव्हतंच, नुसती कापणारी ऊब. कॅमेरा वाजला, पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. काम झालं होतं. कल्याण उठेना आणि आण्णानंही हात काढला नाही.

"पोरगी आशीच ताठ हुबी हुती," मागून आण्णा म्हणाला. "तुमी रडू नका, खांदा हालतोय."

चहा झाला होता. मालनबाई कप घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. "हे काय चाललंय?"

"दिष्ट काढतोय त्यांची," आण्णा म्हणाला.

हातासकट फोटो चौथ्या दिवशी पोचला. नवव्या दिवशी आण्णा गेला.

दहाव्याला कल्याण जाणार नव्हता. रोहिणीनं ओढून नेलं. दारात जिथं लग्नाचा मांडव होता तिथंच सतरंज्या अंथरल्या होत्या आणि पाटावर तो फोटो, मोठा करून, हार घालून ठेवलेला. पुढारी इथंही होतेच. लग्नात ज्यानं पाण्याचं सांगितलं होतं, त्यानंच श्रद्धांजलीत फोटोकडं बोट केलं. "बघा, बाप कसा लेकीच्या पाठीशी उभा आहे! धन्य तो कानिफनाथ, आणि हा क्षण टिपणारे आपले कल्याणराव पण धन्य!" शंभर माना कल्याणकडं वळल्या. दहावा नसता तर टाळ्या पडल्या असत्या. कल्याण सतरंजीची सुतं उपसत बसला होता. चोराला धरून गावात मिरवतात, तसं आपल्याला न धरताच मिरवतायत, असं त्याला झालं.

माणसं पांगल्यावर तो निघाला होता. चपला शोधत होता तेवढ्यात रेश्मा आली, डोळे सुजलेले. वाकून त्याच्या पायाला हात लावायला लागली तसा तो दोन पावलं मागं सरला.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. "आई आत पाठ करून बसली होती. बाकी सगळे विमानं बघत होते, मी सगळ्यांना विचारलं. मला तर दिसणारच नव्हतं, आण्णा माझ्या मागं. विमानाचा फोटो तुम्ही मागाहून घेतला असेल, पण अक्षता पडताना तुम्ही एकटेच त्यांच्याकडं बघत होतात."

कल्याण पायानं चपला जुळवू लागला.

"फोटोत ते हसतायत. पण खांद्यावरचा हात किती कापत होता, ते मला माहीत आहे. मला सारखं वाटतं, ते मागं रडत होते का? का हसतच होते शेवटपर्यंत? तुम्ही बघितलंय. खरं सांगा."

हसत होते, म्हणायचं. तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच. पोरीला बरं वाटलं असतं, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द राहिला असता, गावात नाव राहिलं असतं. कल्याणनं तोंड उघडलं. 'हसत' एवढं आलंसुद्धा. पुढचं येईना. त्याला आण्णाची ती ताठ मान दिसली, सगळं जग वर बघत असताना एकट्या त्याच्याकडं लागलेली नजर. त्या नजरेत हसू होतं का पाणी होतं, हे जगात एकाच माणसानं बघायचं होतं, आणि ते बघायला सांगितलं होतं त्याला.

"मी बघितलं न्हाई, पोरी," तो म्हणाला. "मी पण वर बघत हुतो. त्या टायमाचा आण्णांचा फोटो माझ्याकडं न्हाई. हा मी जोडलाय. हसणं हळदीचं हाय."

रेश्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग वळून तिनं पाटावरच्या फोटोकडं बघितलं.

"आणि हात?"

"हात आण्णांचाच हाय. मागाहून घेतला, ओसरीत. त्यांनीच घ्यायला लावला, तुला कळू नये म्हणून." त्यानं मान खाली घातली. "खांदा माझा हाय."

ती रडेल, ओरडेल, मालनबाईला हाक मारील, ह्या सगळ्याला तो तयार होता. एक थोबाडीत बसली असती तर त्यानं दुसरा गाल पुढं केला असता.

"कुठला?" रेश्मानं विचारलं.

कल्याणनं उजवा खांदा दाखवला. ती पुढं आली, त्या खांद्यावर तिनं आपला तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली. अंगणातली माणसं बघायला लागली. रोहिणी बघत होती. मान वर करून पोरीच्या तोंडाकडं बघावं, एवढी हिंमत काही कल्याणला झाली नाही.